गोराई खाडीतला आवाज पाण्यात मोजण्याबाबत

प्रति,
मा. ध्वनी संनियंत्रण अधिकारी,
उपनगर किनारा कक्ष, तिसरा मजला,
बोरिवली (पश्चिम), मुंबई.

अर्जदार: जयवंत विठोबा मोंडकर, वय ६६, राहणार गोराई वसाहत, बोरिवली (पश्चिम). व्यवसाय मासेमारी, पूर्वी गिरणी कामगार.

विषय: खाडीच्या कोंडात १ जूनपासून होणारे खांब ठोकण्याचे काम माशांच्या विणीचा काळ संपेपर्यंत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, थांबवण्याबाबत, आणि ते थांबवणे आपल्याला जमत नसेल तर निदान आवाज हवेत न मोजता पाण्यात मोजण्याबाबत.

संदर्भ: १) माझी ऑनलाइन तक्रार (निकाली काढलेली).
२) माझे दोन लेखी अर्ज (पहिला सापडत नाही असे सांगितले गेले, दुसरा निकाली काढलेला).
३) आपल्या कार्यालयाचे दिनांक ९ मे चे पत्र.
४) ठेकेदाराने जेट्टीवर चिकटवलेली सूचना.

महोदय,

१. सविनय अर्ज करतो की, बोरिवली आणि गोराई यांच्यामधल्या खाडीवर नवीन पुलाचे काम गेल्या दिवाळीपासून चालू आहे. 'सविनय' हा शब्द आधीच्या अर्जांत मी मनापासून लिहिला होता. या अर्जात तो रीत म्हणून लिहिला आहे, याची नोंद घ्यावी.

२. पुलाला माझा विरोध नाही. हे आधीच लिहितो, कारण मागच्या खेपेस आपल्या कार्यालयातील एका साहेबांनी अर्ज न उघडताच, "काका, तुम्ही लोक विकासाला विरोध का करता?" असे मला विचारले. खाडीपलीकडे गोराई गावातल्या माणसाला मध्यरात्री छातीत कळ आली तर काय होते, हे त्या साहेबांपेक्षा मला जास्त ठाऊक आहे, कारण अशा माणसांना होडीत आडवे घालून मी स्वतः अलीकडे आणलेले आहे. पूल जरूर बांधावा. माझी तक्रार पुलाविषयी नसून खांबांसाठी पाण्यात लोखंडी नळ ठोकणाऱ्या हातोड्याविषयी आहे, आणि तीही त्याच्या वेळेविषयी आणि जागेविषयी.

३. माझी माहिती थोडक्यात अशी. मी मूळचा मालवणकडचा गाबीत, म्हणजे जातीने मासेमार. वडील गिरणीत होते, त्यांनी मलाही साचेखात्यात, म्हणजे मागांवर, चिकटवले. संपानंतर गिरणी गेली. गिरणीतले बाकीचे लोक वॉचमन झाले, कोणी वडापावची गाडी टाकली. मी बापजाद्यांच्या धंद्यावर परत आलो. गोराईच्या कोळीवाड्यातल्या केणी कुटुंबाच्या होडीत मला अर्धी भागी मिळाली. केणी वारले, आता त्यांचा मुलगा हर्षद माझा भागीदार आहे. त्याची आई माणिकबाई जेट्टीवर मासळी विकतात. त्यांचा उल्लेख पुढे येईल, कारण आपल्या कार्यालयाने आजवर केलेली एकमेव कारवाई त्यांच्याविरुद्ध आहे.

४. खाडीच्या मध्यावर एक खोल जागा आहे, तिला आम्ही कोंड म्हणतो. घोळ आणि ढोमा हे मासे विणीसाठी त्या कोंडात येतात. आणि हे मासे बोलतात. आपल्याला हसू आले असेल तर हसून घ्यावे आणि मग पुढे वाचावे. नर मासा पोटातली हवेची पिशवी वाजवून मादीला बोलावतो. बेडकासारखा, पण जाड आणि खालचा आवाज. तो ऐकण्याची आमची पद्धत जुनी आहे. इंजिन बंद करायचे, वल्ह्याचे पाते पाण्यात उभे सोडायचे, दांड्याचे टोक कानामागच्या हाडाला घट्ट लावायचे आणि श्वास रोखून बसायचे. पाण्यातले सगळे लाकडातून वर येते. मासा कुठे आहे, किती आहे, हे त्यावरून कळते. आवाज अगदी भरात आला की कोंडावर जाळे टाकायचे नाही, असा कोळीवाड्याचा रिवाज आहे. बाळंतिणीच्या खोलीत कोणी शिरत नाही, तसेच हे. सरकारने पावसाळी बंदी आणली त्याच्या कितीतरी आधीपासून हा रिवाज चालत आलेला आहे.

५. काम सुरू झाल्यावर पहिल्यांदा खाडीकाठच्या टॉवरमधल्या रहिवाशांनी हातोड्याविरुद्ध तक्रार केली. ती केल्याबद्दल माझे काही म्हणणे नाही, झोप सगळ्यांना लागते. आठवड्याच्या आत ठेकेदाराने हातोड्याला वरून जाड आवरण घातले. तेव्हापासून काठावर आवाज म्हणाल तर कोणीतरी लांबच्या खोलीत दार आपटावे इतकाच येतो. टॉवरमधली मंडळी खूष, ठेकेदार खूष, आपले कार्यालय खूष. आवरण फक्त वरच्या बाजूला आहे. पाण्याखालच्या नळाला कोणी काही घातलेले नाही, आणि ठोका तर नळातूनच पाण्यात उतरतो. तिथे कोण झोपते, हे कोणी विचारले नाही.

६. त्या दिवसांत कोंडातून माशांचा आवाज येईनासा झाला. मला वाटले, माझेच वय झाले. म्हणून मी वल्हे कानाला आणखी दाबून धरू लागलो. ही चूक माझी, आणि ती कान लावून मासा शोधणाऱ्या माणसाकडूनच होऊ शकते. बोटीवर मशीन लावून पडद्यावर मासे पाहणाऱ्याकडून ती झाली नसती. फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सुट्टीमुळे काम बंद असेल असे धरून आम्ही खांबांच्या अगदी जवळ गेलो. मी दांडा उजव्या कानामागे दाबला, दात आवळले आणि ऐकत बसलो. तेवढ्यात हातोडा पडला. हर्षदने नुसती मान वळवून पाहिले. मी होडीत आडवा झालो. ओकारी झाली, कानातून रक्त आले. त्या दिवसापासून उजव्या कानात एक शिट्टी अखंड चालू आहे आणि त्या शिट्टीपलीकडचे जग त्या बाजूने बंद झाले आहे. तपासणी अहवाल जोडला आहे.

७. हा अहवाल मी रडगाणे म्हणून जोडलेला नाही. नुकसानभरपाई मागितलेली नाही, मागणारही नाही. मी तो जोडला तो एवढ्यासाठी की, लाकडाच्या एका काठीतून आलेल्या एका ठोक्याने माणसाचा कान जातो, तर ज्याला काठीच नाही, ज्याच्या चारी बाजूंना पाणीच आहे आणि ज्याला कानावर ठेवायला हातही नाहीत, त्याचे काय होत असेल, हा प्रश्न आपल्यासारख्या शिकलेल्या माणसाला आपोआप पडेल असे मला वाटले होते. तो पडला नाही.

८. आता आपल्या कार्यालयाने काय केले ते क्रमाने लिहितो.

ऑनलाइन तक्रार माझ्या सुनेने, स्वरदाने, मोबाइलवरून भरली. त्यात 'बाधित ठिकाण' असा रकाना आहे आणि त्यात चारच पर्याय आहेत: निवासी इमारत, रुग्णालय, शाळा, न्यायालय. खाडी नाही, समुद्र नाही, 'इतर' सुद्धा नाही. समुद्राने तीन बाजूंनी वेढलेल्या शहराच्या किनारा कक्षाच्या अर्जात पाणी हा शब्द नाही, यावर कोणाला तरी बक्षीस द्यायला हवे. स्वरदाने विचारले, "बाबा, काय टाकू?" मी म्हटले, तिथे बाळंतपणे होतात, रुग्णालय टाक. मला ते तेव्हा बरोबर वाटले आणि आजही वाटते. रुग्णालयाच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र असते, हा नियम आपलाच आहे.

त्यानंतर आपले दोन कर्मचारी दुचाकीवरून जेट्टीवर आले आणि प्रसूतिगृह कुठे आहे म्हणून विचारू लागले. माणिकबाईंनी पाण्याकडे बोट दाखवले. ते दोघे बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे राहिले आणि परत गेले. तक्रारीवर शेरा पडला: "सदर ठिकाणी रुग्णालय आढळून आले नाही. तक्रारदाराने चुकीची माहिती दिली."

९. मग मी लेखी अर्ज केला. तो हरवला. दुसरा केला, तेव्हा यंत्र घेऊन अधिकारी आले. त्यांनी ते यंत्र जेट्टीच्या कठड्यावर, तिकाटण्यावर, हवेत उभे केले. मी म्हटले, साहेब, तक्रार पाण्यातल्या आवाजाची आहे. ते म्हणाले, "काका, यंत्र पाण्यात टाकलं तर बाद होईल ना, त्याचे पैसे कोण देणार?" आकडा आला चौपन्न. दिवसाची मर्यादा पंचावन्न. म्हणजे मी एका आकड्याने हरलो, आणि तोही ज्या ठिकाणी कोणी मासा राहत नाही अशा ठिकाणी मोजलेला आकडा. तापलेल्या पोराच्या तोंडात घालायचा थर्मामीटर खिडकीवर ठेवून "ताप नाही" म्हणून सांगणारा डॉक्टर मी अजून पाहिलेला नाही. असला तर तो आपल्या खात्यात नोकरीला असावा.

हे सगळे शेजारी बसून पाहणाऱ्या माणिकबाईंना राहवले नाही. त्या मासळीच्या पाटीवरून उठून ओरडल्या, "आरं दर्यान टाक त्ये यंत्र! वाऱ्यान काय मोजतंस?" त्यांचा आवाज यंत्राने पकडला. तो अठ्ठ्याऐंशी होता. त्यावर आपल्या कार्यालयाने विनाविलंब, कोणत्याही आवाजाविरुद्ध या खाडीत केलेली पहिली आणि अजूनपर्यंत शेवटची कारवाई केली: माणिकबाईंना नोटीस आली की, मर्यादेपेक्षा मोठ्या आवाजात मासे विकू नयेत. नोटिशीची प्रत सोबत आहे. त्यांनी ती फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावली आहे, त्यामुळे झेरॉक्स काढायला फ्रेम उघडावी लागली.

१०. त्यानंतर माझ्या तक्रारीवर असा शेरा आला: "तक्रारदाराशी दूरध्वनीवरून संपर्क साधला असता प्रतिसाद मिळाला नाही. तक्रार निकाली." महोदय, तक्रारीत कान गेल्याचे लिहिले होते. त्या माणसाला आपण फोन केला. मी फोन सवयीने उजव्या कानालाच लावला, शिट्टी ऐकली आणि ठेवून दिला. आपल्या कार्यालयात कोणीतरी शांतपणे 'प्रतिसाद नाही' असे लिहिले, चहा प्यायला आणि घरी गेला. तो माणूस वाईट असेल असे मला वाटत नाही. पण मला त्याचा जो संताप आला आहे, तो या कागदावर मावत नाही.

११. माझी पत्नी प्रेमा हा अर्ज लिहिताना समोर भाजी निवडत बसली आहे आणि मध्येमध्ये वाकून वाचते आहे. ती म्हणते, "असो रागाव नकात. सायब अर्धो वाचून बाजूक ठेवतलो." तिच्या सांगण्यावरून मी वरच्या परिच्छेदातील दोन शब्द खोडले आहेत. ते कोणते, हे खोडाखोडीतून वाचता येत असेल तर दिलगीर आहे.

१२. आपले ९ मे चे पत्र. या पत्राचा मी मुद्दामहून सविस्तर विचार करतो, कारण ते लिहिणाऱ्याने काहीच केला नाही.

पत्रात म्हटले आहे की, अर्जदार पूर्वी गिरणीच्या साचेखात्यात कामास होते, सबब त्यांचे बहिरेपण तेथील गोंगाटामुळे आलेले असणे संभवते. मागांचा गोंगाट काय असतो ते मला शिकवू नये. पण गिरणीने माझा कान तेव्हाच घेतला असता, तर पुढची चाळीस वर्षे मी त्याच कानाने चार वाव खोल पाण्यातला ढोमा कसा ऐकला, याचे उत्तर पत्रात नाही.

पुढे म्हटले आहे की, घटनेपूर्वीचा कानाचा अहवाल उपलब्ध नसल्याने हानी सिद्ध होत नाही. महोदय, उद्या माझा पाय तुटला तर आदल्या दिवशी दोन पाय होते याचा दाखला मी कुठून आणू?

त्याच्या पुढे असे की, अर्जदारास ऐकू कमी येत असल्याने ते आवाजाने 'बाधित व्यक्ती' या व्याख्येत बसत नाहीत. हे वाक्य मी प्रेमाला मोठ्याने वाचून दाखवले. ती सहसा सरकारी कागदाला नावे ठेवत नाही. ती म्हणाली, "मेल्यांनी आधी कान घेतल्यानी, आता म्हणतत तुमका त्रास नाय." यात मला काही भर घालायची नाही.

आणि शेवटी, मासे हे 'व्यक्ती' नसल्याने त्यांच्या वतीने तक्रार दाखल करून घेता येत नाही. म्हणजे ज्याला त्रास होतो तो माणूस नाही, आणि जो माणूस आहे त्याला आता ऐकू येत नाही. असे दोन्हीकडून दार लावून घेतल्यावर आत शांतता असणारच.

१३. मी पत्र घेऊन आपल्या कार्यालयात आलो, तेव्हा टेबलावरील साहेबांनी हसत विचारले, "काका, पण माशाला कान कुठे असतात?" खरे सांगायचे तर मलाही ठाऊक नव्हते. मासे बोलतात हे ठाऊक होते, पण ते ऐकतात कशाने, हे इतकी वर्षे त्यांच्यावर जगून मी कधी मनात आणले नाही, आणि याची मला लाज वाटली. म्हणून मी बोरिवलीतच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या गंधाली मॅडमना जाऊन विचारले. घोळीच्या आणि ढोम्याच्या डोक्यात दोन पांढरे खडे निघतात. मासा कापताना ते आम्ही फेकून देतो, लहान मुले खेळायला घेतात. ते माशाच्या कानातले खडे आहेत. कान डोक्याच्या आत असतो, बाहेरून भोक नसते. पाणी हलले की अंग हलते, खडा मागे राहतो, आणि त्या फरकातून मासा ऐकतो. आवाज ऐकणाऱ्या माशांत या जातीचे खडे खास मोठे असतात, असे मॅडम म्हणाल्या. म्हणजे खाडीतल्या सगळ्यांत तिखट कानाच्या प्राण्याच्या बाळंतपणाच्या खोलीत आपण हातोडा चालवतो आहोत. दोन खडे काडेपेटीत घालून सोबत जोडले आहेत. साहेबांना दाखवावेत. ते मुतखडे नाहीत.

१४. गंधाली मॅडम स्वतः आमच्या होडीतून आल्या. त्यांच्याकडे पाण्यात बुडवायचा माइक आहे. त्यांनी तो कोंडात सोडला. पाण्यातला आकडा आणि हवेतला आकडा एकमेकांशी सरळ जुळवता येत नाही, असे त्यांनीच बजावले, म्हणून मी आकडा लिहीत नाही. एवढेच लिहितो की, त्यांनी हेडफोन माझ्या डाव्या कानाला लावला आणि पहिल्या ठोक्याला मी तो ओढून फेकला. नळाच्या भोवती ढोमे पांढरी पोटे वर करून तरंगत होते. मॅडमनी त्यातला एक चिरला. आतली हवेची पिशवी फाटलेली होती. ज्या पिशवीने तो मादीला बोलावतो, तीच. जे मेले नाहीत ते कोंड सोडून गेले. जे गेले नाहीत ते बोलावत असतील तर कोणाला ऐकू जात नाही. मादी पोटात अंडी घेऊन खाडीच्या तोंडाशी येते, आतून हाक येत नाही, परत फिरते. दरवर्षी थंडीत खाडीच्या तोंडाशी येणारे डॉल्फिन, ज्यांना आम्ही गादा म्हणतो, ते यंदा दिसले नाहीत. गादा तर डोळ्यांपेक्षा आवाजावरच वाट काढतो. या गोंगाटात त्याने कशाला यावे?

मॅडमची नोंद मी आपल्याकडे दिली. उत्तर: "सदर यंत्र कार्यालयाच्या मान्य यादीत नाही." मी विचारले, पाण्यासाठी मान्य यादीत कोणते यंत्र आहे? उत्तर: "पाण्यासाठी यादी नाही."

१५. आता मुख्य मुद्दा. यापूर्वीचे सगळे मी गिळले असते. गिरणी गिळली, तिथे हे काय. पण जेट्टीवर जी सूचना चिकटवली आहे ती माझ्याने गिळवत नाही. उरलेले तीन खांब कोंडात यायचे आहेत, आणि त्यांचे काम १ जूनला सकाळी दहा वाजता सुरू होणार आहे. कारण सूचनेत दिले आहे ते असे: "१ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा कालावधी असून होड्या बंद असल्याने कामास अडथळा होणार नाही."

महोदय, हे वाक्य कृपया पुन्हा वाचावे. मासेमारी बंदी का असते? मासे वितात म्हणून असते. आम्ही कोणासाठी होड्या ओढून शाकारतो, दोन महिने हात बांधून घरात बसतो, उधारीवर चूल पेटवतो? माशांच्या बाळंतपणासाठी. एका दिवसाने चुकून होडी पाण्यात गेली तर आमचा परवाना जप्त होतो, आणि तो व्हावाच, त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. सरकारच्या एका खात्याने घर रिकामे करून दिले, सांगितले, आत बाळंतीण आहे, पाय वाजवू नका. दुसऱ्या खात्याने पाहिले, वा, घर रिकामे आहे, भिंती फोडायला हीच वेळ बरी. आणि आपण तिसरे खाते, दारात तिकाटणे लावून हवेचा आवाज मोजत उभे. आम्हाला घरी बसवले ते माशांसाठी की ठेकेदारासाठी, हे एकदा लेखी कळवावे. ठेकेदारासाठी असेल तर तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे आम्ही निदान कोणाच्या भल्यासाठी उपाशी आहोत ते पोराबाळांना सांगता येईल.

एक साल विणीचे गेले की पुढची तीनचार साले जाळ्यात काही येत नाही. हर्षदला दोन मुली आहेत. तो आत्ताच म्हणू लागला आहे, "काका, होडी विकून टाकू, मी डिलिव्हरीला लागतो." माझे वय झाले, माझे एक वेळ चालेल. पण कोंड एकदा मुका झाला की तो परत बोलता करणारे यंत्र आपल्या कोणत्याही यादीत नाही.

१६. सबब माझी मागणी दोनच ओळींची आहे. कोंडातील तीन खांबांचे काम १ ऑगस्टनंतर घ्यावे. पुलाला दोन महिने उशीर झाला तर आम्ही होडीतून ने-आण फुकट करू, हर्षद तयार आहे. ते होत नसेल तर काम सुरू होण्याआधी पाण्यात यंत्र सोडून आवाज मोजावा आणि जो येईल तो जाहीर करावा.

१७. दोन्हीपैकी काहीच होणार नसेल, आणि आजवरच्या अनुभवावरून ते होणार नाही असे मी धरून चालतो, तर पुढीलप्रमाणे कळवतो. हा परिच्छेद मी प्रेमा बाजारात गेल्यावर लिहीत आहे.

आपल्याला बाधित व्यक्ती माणूस हवी. तिला ऐकू येत असले पाहिजे. हानीच्या आधीचा अहवाल हवा. आणि पाण्यात बुडवायचे यंत्र आपल्याकडे नाही. या चारही अटी मी पूर्ण करू शकतो. माझा डावा कान चांगला आहे. काल दवाखान्यात तो तपासून घेतला, डॉक्टरांनी 'वयोमानानुसार उत्तम' असे लिहून दिले आहे. १ जूनला सकाळी मी इंजिन नसलेली छोटी होडी घेऊन कोंडावर जाईन. सोबत जाळे नसेल, गळ नसेल, त्यामुळे बंदीचा भंग होत नाही. एक वल्हे असेल. दहा वाजता मी त्याचे पाते पाण्यात सोडेन आणि दांडा डाव्या कानामागे लावून बसेन. पहिला ठोका पडेपर्यंत हलणार नाही. मला जबरदस्तीने कोणी हलवू नये म्हणून हर्षदलाही सांगितलेले नाही. त्यानंतर त्याच दवाखान्यात तोच कान पुन्हा तपासून घेईन. आधीचा आणि नंतरचा जो फरक येईल, तो आपल्या खाडीतला पहिला अधिकृत आकडा धरावा.

मला भीती वाटत नाही असे नाही. त्याच कानाने मी प्रेमाचे बोलणे ऐकतो. लग्नाला त्रेचाळीस वर्षे झाली, फेब्रुवारीपासून ती माझ्या डाव्या बाजूला सरकून बोलते, मला त्रास नको म्हणून. तिचा आवाज मला हवा आहे, फार हवा आहे. म्हणूनच आपण हे थांबवावे अशी, चिडून नव्हे, हात जोडून विनंती आहे.

या अर्जाचे उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नये, पाकीट तीच उघडते. काम थांबवण्याचा आदेश निघाला तर माणूस जेट्टीवर पाठवावा. मी पाण्यात असेन. त्याने कापड हलवले तरी पुरे, मी पाहत राहीन.

आपला,
नम्र लिहिण्याची पद्धत आहे म्हणून नम्र,

(सही)
जयवंत विठोबा मोंडकर
दिनांक २६ मे, बोरिवली

सोबत जोडले आहे:

१) उजव्या कानाचा तपासणी अहवाल.
२) माणिकबाई केणी यांना मोठ्याने मासे विकल्याबद्दल आलेली नोटीस, प्रत.
३) ठेकेदाराच्या सूचनेचा फोटो.
४) गंधाली मॅडम यांनी केलेली पाण्यातील आवाजाची नोंद, अमान्य.
५) ढोम्याच्या कानातले खडे, नग दोन, काडेपेटीत.
६) डाव्या कानाचा तपासणी अहवाल, कामापूर्वीचा.
७) डाव्या कानाचा तपासणी अहवाल, कामानंतरचा: २ जून रोजी समक्ष सादर करण्यात येईल. त्या वेळी माझ्याशी जे बोलायचे ते कागदावर लिहून ठेवावे.